कप्तानाचा हात

“मग चुकलं कुठं, ते तरी सांगा!”

जोसायाने चित्र भिंतीला टेकवलं आणि तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. लंडनला तीन वर्षं चित्रकला शिकून आला होता. मान ताठ होणारच.

म्हातारे थॅडियस क्रोल चित्राकडे बघत राहिले. अमेरिका नुकती स्वतंत्र झालेली, आणि त्या बंदराच्या गावात न्यायाधीशांपासून जहाजमालकांपर्यंत सगळ्या बड्या मंडळींची चित्रं त्यांनीच काढलेली. जोसायाला ब्रश धरायलाही त्यांनीच शिकवलं होतं.

“कप्तान गोरहॅम चार दिवस माझ्यासमोर बसले,” जोसाया म्हणाला. “चेहरा हुबेहूब आहे की नाही?”

“आहे.”

“मग त्यांच्या बायकोनं चित्र परत का धाडलं? म्हणे, हे आमचे नव्हेत! गावभर बोभाटा झालाय, गुरुजी. आता कोण बसेल माझ्यासमोर?”

“तिच्याजवळ त्यांचं दुसरं चित्र आहे?”

“नाही.”

कप्तान जहाजासकट बुडाले त्याला तीन महिने झाले होते. पण जोसायाला आपल्याच नावाची पडली होती.

क्रोल उठले. हातातलं रंग पुसायचं फडकं त्यांनी चित्रातल्या चेहऱ्यावर धरलं.

“आता हा कोण?”

“घ्या! चेहरा झाकल्यावर कसं कळणार?”

“बरं. हा हात कोणाचा?”



चित्रातला हात गोरा होता, नाजूक होता, एका पुस्तकावर अलगद ठेवलेला होता. चाळीस वर्षं दोरखंड ओढलेल्या माणसाचा तो हात नव्हता.

“चेहरा झाला आणि ते सफरीवर निघाले,” जोसाया म्हणाला. “बाकीचं मी विलायतेच्या एका छापील चित्रावरून उतरवलं. कुणा उमरावाचं होतं... सगळेच तसं करतात. तुम्हीसुद्धा!”

“करतो ना.” क्रोलनी फडकं खाली घेतलं. “पण मी काढलेलं चित्र भिंतीवर लागायचं, तेव्हा माणूसही घरात असायचा.”

जोसायाने पहिल्यांदाच चित्राकडे नीट पाहिलं. कमरेवरचे हात खाली आले.

“त्या बाईनं तो हात किती वेळ बघितला असेल...” तो पुटपुटला.

त्याने चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

“मी पुन्हा काढतो, गुरुजी. पण माणूस समुद्राच्या तळाशी. त्याचा हात आता आणू कुठून?”



“तिच्या घरी जा,” क्रोल म्हणाले. “तिला डोळे मिटायला सांग, आणि तुझा हात तिच्या हातात दे. तिची बोटं जे शोधत राहतील, ते रंगव.”