मुकी झालेली पांढरी

फार पूर्वी एका नदीला असा पूर आला, की काठावरचं अख्खं गाव धुऊन निघालं. माणसं तेवढी वाचली. लेकराबाळांना घेऊन ती एका चिंचेखाली येऊन बसली आणि समोरच्या टेकाडाकडे बघू लागली.

टेकाड मोठं झकास. उंच, पाणी जवळ, माती राखेसारखी पांढुरकी. लोक त्याला पांढरी म्हणत. पण तिथे साधं ढोरसुद्धा चरायला जात नसे. कधीकाळी तिथे गाव होतं आणि ते उठून गेलं, एवढंच लोकांना ठाऊक. का उठलं, ते देव जाणे! त्या मुलखाची रीत अशी, की जुन्या गावाच्या मातीवर चूल मांडायची तर आधी मातीला विचारायचं. म्हणून लोकांनी माती वाचणारीला बोलावलं.

ही बाई आपल्या कामात पक्की. तिने टेकाडावर चौकोनी खड्डा आखला आणि खुरपीने माती खरवडायला बसली. मातीचा रंग बदलला की थर बदलला. वरचा थर अलीकडचा, खालचा त्याच्या आधीचा. ज्या थरातलं खापर, त्याच थराच्या टोपलीत. तिच्या गुरूने तिला बजावून ठेवलं होतं, "पोरी, वस्तू कुठे पडलीय, कशी पडलीय, कुणाशेजारी पडलीय, ते डोळे भरून बघ. मगच हात लाव. एकदा हलली की ती मुकी होते."

मुकी होते म्हणजे काय, तर त्याआधी ती बोलते! टळटळीत दुपारी वारा पडला, की खड्ड्यातून बारीक आवाज येत. कुंच्याने धूळ झटकावी, तर एखादं खापर कुजबुजे, "माझ्यात आंबील शिजायची." राख म्हणे, "मी चुलीतली. घर जळाल्याची नव्हे." बाईच्या अंगावर सर्रकन काटा येई. पण ती ऐकून घेई आणि मगच वस्तू उचली.

खालून गावची म्हातारी हाका मारी, "काय गं, झालं का तुझं? रोज रात्री पाऊस येतोय, पोरं भिजताहेत!"

"होतंय, आजी. जरा दमानं घ्या."

एका दुपारी बाई गाव उठल्याच्या थराच्या तळापाशी पोचली आणि सगळे आवाज एकदम थांबले. तेवढ्यात खड्ड्याच्या भिंतीत काहीतरी चकाकलं. सोन्याच्या मण्यांची माळ! नुसतं टोक बाहेर होतं, बाकी सगळी आत. आणि भिंतीच्या आतून कुणीतरी श्वास सोडल्यासारखं म्हणालं, "हळू…"

बाई जागच्या जागी थिजली. त्या माळेपर्यंत जायचं, तर पार वरून एकेक थर उतरवत यायला हवं होतं. खाली एक पोर किरकिरत होतं, म्हातारीची हाक पुन्हा आली. बाईला वाटलं, दोन बोटं घालावी नि ओढावी, आहे काय नि नाही काय! माळ हाती आली की कोडं सुटलंच. तिने ओढली.

माळ हातात आली आणि पाठोपाठ भिंत धाडकन आत कोसळली. वरची माती खाली, खालची वर. राख, हाडं, खापरं, सगळ्याचा काला झाला. धूळ बसली तेव्हा खड्डा इतका गप्प होता, की बाईला स्वतःचा श्वाससुद्धा परका वाटला. तिने माळ कानाला लावली. काही नाही.

आवाज ऐकून लोक धावत वर आले. "अगंबाई, सोनं!" म्हातारी हरखली. "म्हणजे सुखाचं गाव होतं. बसू ना आम्ही इथे?"

बाई म्हणाली, "आजी, ही माळ घाईने पुरलेल्या माणसाच्या गळ्यात असती, तर मी म्हटलं असतं, इथे साथीने माणसं मेली, बसू नका. पुराच्या गाळात लोळत असती, तर इथवर पाणी चढतं, मुळीच बसू नका. मडक्यात घालून लपवलेली असती, तर लोक शत्रूच्या भीतीने पळाले, जमिनीचा काही दोष नाही, खुशाल बसा."

"मग? कशी होती?"

"मी पाहिलंच नाही."

रात्रभर भिजलेली पोरं तिच्या तोंडाकडे बघत होती. 'बसा' हा शब्द अगदी तिच्या ओठांवर आला होता. पण तिने तो गिळला. "आजी, माझ्याच हाताने मी अख्ख्या पांढरीचं तोंड बंद केलं. आता दुसरा खड्डा खणला तरी ती बोलायची नाही."

म्हातारीने निमूटपणे गाठोडं उचललं. लोक लांबच्या खडकाळ माळावर जाऊन राहिले. उन्हाळ्यात तिथल्या बाया मैलोगणती चालत नदीवर येतात आणि भरल्या घागरी घेऊन त्याच टेकाडाखालून परत जातात. जागा चांगली असेलही. अगदी सोन्यासारखी असेल. पण आता सांगणार कोण?

माती वाचणारी मात्र त्या टेकाडावरून कधी उतरलीच नाही. म्हणतात, अजूनही भर दुपारी वारा पडला की वर कुणीतरी एकेक खापर उचलून विचारतं, "तू कुठे होतंस?" मग उत्तरासाठी जरा थांबतं, आणि दुसरं खापर उचलतं. घागरी घेतलेल्या बाया वर न बघता झपाझप पुढे निघून जातात.

तात्पर्य: घाईने उपटलेली वस्तू हाती लागते, पण तिची गोष्ट जिथल्या तिथे मरते. म्हणून आधी पाहावं, मग उचलावं.