काळ्या मातीचं फर्मान

ही गोष्ट ऐकली तेव्हा राजाचं नाव सांगितलं होतं. ते आता नीट आठवत नाही, आणि चुकीचं सांगायचा धीर होत नाही. फर्मान मात्र पक्कं आठवतं: राज्यात सगळीकडे काळी माती आहे, तेव्हा यंदा बाजरी बंद, सर्वांनी गहूच पेरायचा!

हे काळं राज्य शोधून काढलं होतं मृत्तिकाधिकारी त्र्यंबकशास्त्र्यांनी. शास्त्रीबुवा पालखीतून गावोगाव हिंडले. ओढ्याकाठी सावली दिसली की पालखी थांबे, जेवण होई आणि तिथलीच मूठभर माती पुरचुंडीत बांधली जाई. ओढ्याकाठची ती, काळीच निघायची!

फर्मान मुरमाळीच्या कोंडाबाईच्या कानावर आलं. तिचं गाव टेकडीवरचं. नांगर घातला की मुरूम खडखडे, पाणी घटकाभरही ठरत नसे. तिथे बाजरी कशीबशी येई. गहू ओंबी धरण्याआधीच करपला असता. मग गावानं वर्षभर खायचं काय?

ती तडक दरबारात गेली.

“महाराज, आमच्या रानात मुरूम आहे. हे बघा ढेकूळ!”

“ढेकूळ कुणीही कुठूनही आणील!” शास्त्रीबुवा कडाडले. “आमच्या पाहणीत मुरूम नाही!”

राजानं मिशीवर ताव दिला. “बाई, पाहणी खोटी असेल तर उद्यापर्यंत सिद्ध कर. पण ढेकूळ दाखवायचं नाही, कुठे खणायचं नाही, आणि साक्षीदार तुझ्या गावचा चालायचा नाही. जमलं नाही तर गहू!”

“जमेल की!” कोंडाबाई बोलून गेली, आणि बाहेर पडताना स्वतःच्याच जिभेला शिव्या घालू लागली. राजवाड्याच्या उंच भिंतीखालून जाताना मात्र ती एकदम थबकली.

दुसऱ्या दिवशी राजा जागा झाला तो पलंगासकट अंगणात! चार पहारेकरी पलंग खांद्यावर घेऊन निघाले होते. मागून आरसे, हंडे, राणीसाहेबांच्या पेट्या येत होत्या.

“अरे, हे काय चाललंय?”

“राजवाडा रिकामा करतोय, महाराज!” कोंडाबाई ओरडली. “पावसाळा तोंडावर आलाय. काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावरची भिंत टिकते होय? डोक्यावर यायची!”

“आणि तुम्ही हिचं ऐकलंत?” राजा पहारेकऱ्यांवर खेकसला.

“फर्मानातच आहे, महाराज. सगळीकडे काळी माती!”

“मूर्खांनो! राजवाड्याखाली कुठली काळी माती? पाया खणताना मी स्वतः उभा होतो. हातभर खाली निव्वळ मुरूम! आणि वरच्या भरावाला कमी पडला म्हणून गाड्या भरभरून आणला, तोही त्या मुरमाळीच्या रानातून!”

कोंडाबाईनं हात जोडले.

“मी ढेकूळ दाखवलं नाही, महाराज. कुठे खणलं नाही. आणि साक्षीदारही आमच्या गावचा नाही!”

राजानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा गलबला ऐकून धावत आलेल्या शास्त्रीबुवांकडे, आणि असा हसत सुटला की पलंग करकरायला लागला!

फर्मान फाडलं गेलं. मुरमाळीला बाजरीचं बियाणं राजाच्या कोठारातून मिळालं. पाहणी नव्यानं ठरली: पालखीत कोंडाबाई, आणि पुढे फावडं घेऊन पायी शास्त्रीबुवा.

बऱ्याच वर्षांनी मी तो राजवाडा बघून आलो. चारी बाजूंनी फिरून भिंतींवर हात फिरवला. एकीलाही तडा नव्हता.