लाल दोऱ्याच्या पुड्या

फार पूर्वी, घाटात नुसती पायवाट होती तेव्हाची ही गोष्ट. घाटाच्या पायथ्याशी तानुबाई नावाची बाई एकटीच राहायची. ती तिळाच्या वड्या करायची आणि पळसाच्या पानांत बांधून विकायची. घाट चढणारे लोक घरी न्यायला पुड्या घेत आणि पुढे जात. कुणी थांबत नसे.

कोणत्या दिवशी केलेला घाणा आहे ते ओळखता यावं म्हणून ती पुड्यांना रोज वेगळ्या रंगाचा दोरा बांधी.

एका सकाळी पोत्याच्या तळाचे तीळ पाखडताना तिला सुपात काही चपट्या बिया दिसल्या. तिने त्या तळहातावर घेऊन निरखल्या. त्या विषारी धोतऱ्याच्या होत्या. कालचा घाणा याच पोत्यातला होता. लाल दोऱ्याच्या बारा पुड्या घाटावरच्या गावातले लोक घेऊन गेले होते.

गप्प बसलं तर कुणाला कळणार, असं तिच्या मनात आलंच. पोट बिघडलं तर लोक पाण्याला दोष देतील.  पण ती उठली, दाराला कडी घातली आणि घाट चढू लागली.

गावात ती दारोदार फिरली. "लाल दोऱ्याची पुडी खाऊ नका. तिळात धोतरा गेलाय. चूक माझी आहे."

काहींनी पुड्या मुकाट्याने परत दिल्या, काहींनी तिच्या पायाशी फेकल्या. एक बाई म्हणाली, "विष घालतेस आणि वर सांगायला येतेस?"  तानुबाईने पुडी उचलून पदरात टाकली.

अकरा पुड्या न सोडलेल्याच परत मिळाल्या. बारावी माळावर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बिरा धनगराने नेली होती.

बिरा झोपडीबाहेर बसून हवेशीच बोलत होता. ओठ सुकलेले, डोळे ताठ, शेजारी अर्धी खाल्लेली पुडी. तानुबाई धावत जाऊन वैद्याला घेऊन आली. पोटात काय गेलंय हे तिने सांगितल्यामुळे वैद्याला चाचपडावं लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी बिरा शुद्धीवर आला. उशाशी बसलेली बाई त्याला अजून धूसरच दिसत होती. त्याने विचारलं, "तू कोण गं?"

"ती वडी माझ्या हातची होती, बाबा."

 तो म्हणाला, "मी मेलो असतो तर आठ दिवस कुणाला पत्ता लागला नसता. तू कशी आलीस?"

"एक पुडी कमी भरली," ती म्हणाली.

तो हिवाळा तानुबाईला फार जड गेला. लोक दारावरून जात, पण मान वळवत नसत. ती तीळ दोनदा निवडी, चार वड्या करी आणि एकटीच खाई.

फाल्गुनात घाटावरची ती रागावलेली बाई दारात उभी राहिली. "दुसरीकडच्या वड्या घेऊन पाहिल्या," ती म्हणाली. "चांगल्या होत्या. पण वाईट निघाल्या तर सांगायला कुणी येईल, असं वाटेना. दोन पुड्या दे."

तिच्यामागून हळूहळू बाकीचेही येऊ लागले.

तात्पर्य : चूक कुणाच्याही हातून होते, पण जो ती स्वतः सांगून माल परत घेतो, त्याच्याच हातचं लोक निर्धास्त खातात.