गुंड्याची टोपी

गावात तेव्हा पेडलवाली मोपेड एकच होती, द्वारकाबाई नर्सची. पेठेच्या चढावर मोटारगाड्यांना बंदी झाली, तशा बाई तिथं इंजिन बंद करून पेडल मारत जायच्या.

एकदा कुणाचं तरी बाळंतपण करायला निघालेल्या बाईंना फौजदारांनी त्या चढावर अडवलं. "एक काय ते सांगा. ही सायकल की मोटार?"

"इंजिन चालू केलं की मोटार, बंद केलं की सायकल."

"एकच वस्तू दोन कशा?"

"टोपी घातलीस की तू फौजदारसाहेब. काढलीस की माझ्या हातावर जन्मलेला गुंड्या."

फौजदारांनी गुपचूप टोपी काढली आणि चढ संपेपर्यंत मोपेड ढकलली.

आता मोपेड नाही, बाईही नाहीत. पण तो चढ आला की रिटायर गुंड्याचा हात अजून टोपी काढायला डोक्याकडे जातो.