खिंडीपलीकडचं तेल

फार जुनी गोष्ट आहे. एका राज्याच्या मधोमध उंच डोंगर होता. डोंगराखाली नारळाच्या बागा, घाण्यांची करकर आणि तेलाची रेलचेल. वरच्या पठारावर मात्र तेलाचा थेंब निघत नसे. तिथलं सगळं तेल बैलांच्या पाठीवरून, एका अरुंद खिंडीतून जाई.

राणी मायाळू होती. "माझी सगळी लेकरं सारखीच," असं म्हणून तिनं राज्यभर तेलाचा एकच भाव ठरवला होता.

एकदा पठारावरची सुईण चंद्राक्का दरबारात आली. "आईसाहेब, गेल्या अवसेला दिव्याविना चाचपडत बाळंतपण केलं. लेकरू वाचलं, आई गेली."

"पण तेलाचा भाव तर तुमच्याकडंही तोच आहे ना?"

"भाव आहे, आईसाहेब. तेल नाही."

राणीला त्या दिवशी जेवण गेलं नाही. तिनं व्यापाऱ्यांना बोलावलं. ते म्हणाले, "वर नेलं तरी तेवढेच पैसे. मग खिंडीत बैल कशाला शिणवायचे?"

तेव्हा राणीनं दोन भाव करायचे ठरवले. कारभाऱ्यानं नकाशा पसरला आणि दिसायला सोयीची म्हणून डोंगराअलीकडच्या नदीवर रेघ ओढली. नदीपल्याड तेल महाग, अल्याड स्वस्त.

झालं भलतंच. व्यापारी नदी ओलांडून तिथल्याच गावांत बुधले रिकामे करू लागले. दारात घाणे असलेली ती गावं उगाच महाग तेल घेऊ लागली. पठार होतं तसंच अंधारात.

राणी स्वतः चंद्राक्काबरोबर डोंगर चढली. खिंडीत एका वेळी एकच बैल मावत होता. कातळाला घासून जनावरांची कातडी सोलवटली होती. राणीनं एका बैलाच्या पाठीवरून हात फिरवला.

"अडतं ते इथं," ती म्हणाली. "रेघ इथंच हवी."

"पण वर भाव चढला, तर गरिबानं काय करायचं?" चंद्राक्कानं विचारलं.

राणीनं नदीवरची रेघ पुसून खिंडीवर आणली. मग तिनं तिथं नाका बसवला. दोन भावांतला थोडा फरक व्यापाऱ्याला राहू दिला, बाकीचा जकात म्हणून घेतला. त्यातून गरिबांच्या घरी, त्यातही आधी बाळंतिणींच्या घरी, फुकट तेल जाऊ लागलं.

आता व्यापारी वर जायला धडपडू लागले. चांगला भाव पाहून पठारावरच्या लोकांनीही करडई पेरली. जकात साठत गेली.

कारभारी हरखला. "आईसाहेब, खजिना भरेल!"

"हा पैसा खजिन्याचा नाही," राणी म्हणाली. "या कातळाचा आहे. पाथरवटांना बोलवा."

पाथरवटांनी वर्षानुवर्षं कातळ फोडला. खिंड रुंदावत गेली, वर तेल नेणं सोपं होत गेलं, तसा दोन भावांतला फरक घटत गेला. शेवटी बैलगाड्या आरामात जाऊ लागल्या आणि जकात घेण्याजोगं काही उरलंच नाही. कारभारी हळहळला. राणीनं मात्र नाक्याचा अडसर आपल्या हातानं काढला.

तात्पर्य: वाट जिथं खरोखर अडते तिथंच रेघ ओढावी, आणि त्या रेघेवर मिळालेला पैसा ती रेघ पुसण्यासाठीच खर्चावा.