कड्यापर्यंतची वाट

त्या राज्यात सगळे रस्ते कड्यापाशी संपत. उंच पठारावर वसलेल्या त्या राज्याभोवती खोल दरी होती, त्यामुळे तिथे बेताने चालण्याचीच रीत होती.

चित्त्याला ती रीत कधी मानवली नाही. आता त्याचे गुडघे गेले होते, पण तरुणपणी कानांत घुमणारा वारा त्याला पुन्हा ऐकायचा होता. म्हणून त्याने एक गाडी बनवायला घेतली. लांब नाकाची, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी. ती चालवायला त्याने खार नेमली, कारण ती वजनाने हलकी आणि नजरेने तीक्ष्ण होती.

पंचांनी अट घातली. पळस फुलायच्या आत गाडीने पूर्वेच्या वेशीपासून पश्चिमेच्या कड्यापर्यंतची वाट नगाऱ्याच्या पन्नास ठोक्यांत कापावी, नाहीतर त्याची कार्यशाळा बंद करून तिथे गवताच्या गंजी रचल्या जातील.

पहिल्या खेपेला ऐंशी ठोके पडले. चित्त्याने इंजिन दुप्पट केले, ऐंशीच. तिप्पट केले, तेव्हा आवाजाने बगळे तळे सोडून गेले, पण ठोके ऐंशीच पडले.

"निम्म्या वाटेत वेगाच्या पट्टीवरून पाय का उचलतेस?" चित्ता खारीवर डाफरला. ती शेपटीत तोंड खुपसून बसली.

तेवढ्यात घोरपड कप्पीसाठी तेल मागायला आली. मधाचे हंडे दोराने कड्याखाली सोडणे हे तिचे काम. इतक्या वर्षांत तिच्या हातून एकही हंडा फुटला नव्हता. तिने खारीकडे पाहिले.

"कशाची भीती वाटते गं?"

हे आजवर कुणी विचारलेच नव्हते.

"वेगाची नाही, मावशी. कडा दिसायला लागला की वाटतं, ही थांबलीच नाही तर?"

घोरपड गाडीखाली वाकली. ब्रेक म्हणून तिथे लाकडाचा एक ठोकळा होता, तोही जळून काळा पडलेला.

"आठ दिवस द्या मला," ती म्हणाली.

"मी पळणारी गाडी करतोय आणि ही तिला धरून ठेवणार!" चित्ता चिडला. पण पळसाला कळ्या धरल्या होत्या आणि त्याच्याजवळ दुसरा उपाय नव्हता.

आठ दिवसांनी प्रत्येक चाकाला लोखंडी चकती बसली आणि चकतीला दोन्ही बाजूंनी आवळणारा पंजा. खारीने आधी सपाटीवर ब्रेक दाबून पाहिला. एकदा, दोनदा, दहादा. अकराव्या वेळी तिला हसू फुटले.

"उस्ताद, शेजारी बसा," ती म्हणाली.

नगारा सुरू झाला. निम्मी वाट सरली, तरी खारीचा पाय उचलला गेला नाही. चित्त्याचे कान मागे वळले, डोळ्यांतून पाणी वाहू लागले. कडा समोर मोठा होत गेला, आणि मग खारीने ब्रेक दाबला. गाडी हातभर आधी थांबली. मागून आलेली धूळ तेवढी पुढे जाऊन दरीत उतरली.

छत्तीस ठोके!

संध्याकाळी पंच हार घेऊन कार्यशाळेत आले. चित्ता गाडीखाली उताणा पडून आपल्या इंजिनाचा सर्वांत मोठा सिलिंडर सोडवत होता.

"घोरपडबाई, इथे जागा झाली बघा," खालून त्याचा उत्साही आवाज आला. "तुमचा अजून एक पंजा बसवा. उद्या हिला पंचविसात न्यायची आहे."