भैरोबाची उजवी मिशी

वेळणवाडीच्या भैरोबाला पहिल्यांदा येणारा माणूस हात जोडतो, डोळे मिटतो, डोळे उघडतो आणि मग हसू दाबतो. त्यात पाप नाही. देवालाही ते ठाऊक आहे. मूर्ती काळ्या पाषाणाची, डोळे चांदीचे, डावी मिशी पाषाणातच कोरलेली. आणि उजवी मात्र मेणाची, मधाच्या रंगाची, टोकाला जरा जास्तच पीळ दिलेली. त्यामुळे देव एका अंगाने रागावलेला आणि दुसऱ्या अंगाने लग्नाला निघालेला दिसतो. त्यात आरतीच्या वेळी गुरव ताट घेऊन गाभाऱ्याच्या बाहेर येतात आणि उंबऱ्याअलीकडूनच ओवाळतात. पाहुणे हळूच विचारतात, "देवाचं सोवळं फार कडक आहे का?"

सोवळं नाही हो. गोष्ट आहे. मेण गाळता गाळता सासूबाईंनी मला सांगितली, त्यांना त्यांच्या सासूने. पायऱ्या चढून दमला असाल, टेका जरा, सांगते.

फार पूर्वी, गावातले पुरुष सरदारांच्या फौजेतून स्वारीवर जात त्या काळात, इथे सिदोजी खराडे नावाचा गडी होता. त्याच्या मिशा पंचक्रोशीत गाजलेल्या. दारातून आधी मिशा येत, मग सिदोजी येई, असे सांगतात. रांगती पोरे म्हणे त्याच्या मिशांना धरून उभी राहायला शिकत, आणि हा पठ्ठ्या डोळ्यांत पाणी आले तरी हूं की चूं करत नसे.

पण त्या मिशा उभ्या होत्या त्या साळूबाईच्या जिवावर. साळूबाई त्याची बायको. आमच्या मागच्या कड्याला आग्या मोहोळे लागतात. मध वाटून झाला की पिळलेली पोळी लोक टाकून देत; ही ती ओच्यात गोळा करून आणी. पाण्यात उकळून वर आलेले मेण जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळी. मग ते मेण वाटीत घालून वाटी कढत पाण्यात ठेवायची, थेट जाळावर कधी नाही. त्यात घाटाखालून आलेले खोबरेल, चिमूटभर राळेची पूड, वासाला उगाळलेले चंदन. थेंब नखावर टाकून पाहायचा. ओघळला तर मेण कमी, तडकला तर तेल कमी. थंडीत तेलाचा हात सैल सोडायचा, उन्हाळ्यात आखडता घ्यायचा. बायका चेष्टा करत, "साळे, लोणी कढवतेस की नवरा?" ती नुसती हसे.

एका सालात सिदोजी स्वारीवर गेला तो परतेना. बरोबरचे आले, त्यांनाही ठाव नाही. साळूबाईने उपास धरले, सोमवार केले, वडाला दोरे बांधले. शेवटी ती भैरोबापुढे येऊन बसली. तेव्हाचे गुरव भिवाबाबा म्हणाले, "पोरी, नवस बोलायचा तर घरातली सगळ्यांत लाडकी वस्तू बोल. देव कोंबड्यानारळाला कंटाळलाय."

साळूबाईने मनातल्या मनात सगळे घर धुंडाळले. नथ? ती लाडकी होती, पण सगळ्यांत नव्हे. दुभती म्हैस? तीही नव्हे. घरातली सगळ्यांत लाडकी वस्तू स्वारीवरच गेलेली होती. तिने पदर पसरला आणि म्हणाली, "बाबा, धनी सुखरूप येऊ देत. त्यांच्या मिशा तुझ्या पायाशी वाहीन."

हे सिदोजीच्या आत्याला, ठकूआत्याला कळले तेव्हा तिने कपाळाला हात लावला. "अगं, नवस बोलावा आपल्या जिवावर! दुसऱ्याच्या ओठावर कशाला बोललीस?"

पण देव पावला. पेरणीच्या आधी सिदोजी दारात उभा राहिला, दंडावर एक वण आणि मिशा होत्या त्याहून लांब. साळूबाईने भाकरतुकडा ओवाळून टाकला, जेवू घातले, आणि पान लावून देताना नवस सांगितला.

सिदोजीचे पान हातातच राहिले. "जीव मागायचास. दिला असता."

"जीवच परत मागितला ना, धनी. मग दुसरं काय देणार होते?"

सिदोजीने रात्रभरात सबब शोधली. दुसऱ्या दिवशी चावडीवर तो सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला, "मिशी हा पुरुषाचा अवयव आहे. हात, पाय, नाक, तशी मिशी. अवयव तोडून वाहावा असं कुठल्या शास्त्रात आहे?" चावडीवरच्या सगळ्यांनाच मिशा असल्यामुळे सगळ्यांनी माना हलवल्या.

दसरा गेला, दिवाळी गेली.  नवस एकीकडे आणि संसार एकीकडे, म्हणून साळूबाई मिशांचे मेणही करतच राहिली. पण रोज वाटी हलवताना तिला वाटे, देवाला दिलेला शब्द राहिला, त्याचा कोप झाला तर तो माझ्यावर नाही, ज्याला आणून दिले त्याच्यावर होणार. सिदोजीला साधी शिंक आली तरी ती दचके. आम्हा बायकांना हे समजावून सांगावे लागत नाही.

चैत्रातली जत्रा आली. सिदोजीने तोड काढली. मिशांच्या बदली भैरोबाला एक असा नारळ फोडायचा की आवाज घाटाखाली गेला पाहिजे. घाटाखालूनच त्याने नारळ आणवला, बाळाच्या डोक्याएवढा. सगळा गाव गाभाऱ्यापुढे दाटला. सिदोजीने मिशांना पीळ भरला, नारळ डोक्यावर उचलला, "भैरोबाच्या नावानं चांगभलं!" म्हणून ओरडला आणि पायरीवर असा आपटला की पायरीला तडा गेला.

नारळाला गेला नाही. तो उसळला, उंबऱ्यावरून आत गेला आणि देवाच्या थेट तोंडावर बसला.

नारळ गडगडत परत आला, अगदी शाबूत. देवाची उजवी मिशी मात्र चुरा होऊन पायांशी सांडली होती.

 पहिली बोलली ती ठकूआत्या. "वा रे सिद्या! तुझी द्यायची होतीस, तर त्याची काढलीस."

भिवाबाबांनी सांडलेला चुरा ओंजळीत घेतला. ते म्हणाले, "मूर्ती भंगली. भंगलेल्या मूर्तीची पूजा होत नाही. बाबाला डोहात पोचवायला हवं." बायका रडू लागल्या. पिढ्यान्पिढ्यांचा देव असा उचलून पाण्यात सोडायचा! साळूबाई तर पायरीशीच बसली. "बाबाच निघाला, तर माझा नवस मी कुणाला फेडू? नव्या देवाला काय ठाऊक, मी काय मागितलं आणि कुणी दिलं?"

तेव्हा एका म्हाताऱ्याने शंका काढली. अवयव मोडला तर मूर्ती भंगली म्हणायची. अलंकार निखळला तर नाही. देवाचे चांदीचे डोळे निखळतात, ते आपण परत बसवतोच की. तर मिशी हा अवयव धरायचा की अलंकार?

झाले. वाद पेटला. कोणी म्हणे, हाडाशिवाय अवयव कसला? कोणी म्हणे, मग कानाच्या पाळीत कुठे हाड असते? ऊन डोक्यावर आले तरी निकाल लागेना. शेवटी भिवाबाबा म्हणाले, "मिशांच्या बाबतीत या मुलखात एकाचाच शब्द चालतो. सिदोजीराव, तुम्हीच सांगा. मिशी अवयव की अलंकार?"

सगळा गाव सिदोजीकडे वळला. आणि सगळ्या गावाला चावडीवरचे बोलणे आठवत होते.

अवयव म्हणावे तर देव डोहात जातो. अलंकार म्हणावे तर... सिदोजीने डावी मिशी पिळली. उजवी पिळली. देवाकडे पाहिले. मग त्याने पायरीशी बसलेल्या साळूबाईकडे पाहिले. ती त्याच्याकडे पाहतच नव्हती. कोणी आपल्याला भीड घातली असे त्याला वाटू नये म्हणून तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते. तरण्याताठ्या बाईचा चेहरा वर्षभराच्या काळजीने केवढासा झालाय, हे म्हणे त्याला तेव्हा पहिल्यांदा दिसले.

"अलंकार," सिदोजी म्हणाला. आवाज घाटाखाली गेला नाही, पण सगळ्यांना ऐकू आला.

"मग उतरव," ठकूआत्या म्हणाली.

न्हावी पुढे झाला. त्याने सिदोजीची उजवी मिशी उतरवून देवापुढच्या पानावर ठेवली. तोवर साळूबाईने देवळामागे चूल पेटवून वाटी ठेवली होती. मेण भरपूर, चैत्र म्हणून राळेची पूड वाढवलेली, तेल नावाला. त्यात तिने नवऱ्याच्या मिशीचे केस घातले, म्हणजे मेणाला धर येईल. कोमट गोळा दोन्ही तळव्यांत वळला, देवाच्या ओठावर दाबून बसवला आणि टोकाला पीळ दिला. रोजच्या सवयीने तो जरा जास्त बसला.

न्हावी डाव्या मिशीकडे वळला तसे भिवाबाबा ओरडले, "थांब! देवाची डावी शाबूत आहे. त्याला लागली तेवढी त्याने घेतली. उरला तो प्रसाद."

सिदोजी हादरला. "म्हणजे हिचं काय करू?"

"प्रसाद टाकतात का कुठं? सांभाळायचा!"

तशी आरती सुरू झाली. भिवाबाबांनी भक्तिभावाने निरांजन देवाच्या मुखाजवळ नेले आणि नवी मिशी हळूहळू मान टाकू लागली. "बाबा, मागं! मागं सरका!" साळूबाई ओरडली. भिवाबाबा ओवाळत ओवाळत मागे सरकले, आणखी सरकले, उंबरा ओलांडून बाहेर आले, तेव्हा कुठे मिशी सावरली. त्या दिवसापासून आरती तिथूनच होते.

आणि सिदोजी? उजवी मिशी परत जोडीला येईपर्यंत तो अर्ध्या मिशीने हिंडला. परगावची माणसे हसत. हा मात्र प्रसादाला रोज मेण लावून घेई आणि म्हणे, "एक माझ्या तोंडावर आहे, दुसरी देवाच्या. तुमची आहे का कुठं?" त्या वर्षी साळूबाईची वाटी दोन घरांची झाली, एक नवऱ्याचे आणि एक देवाचे.

आजही चैत्रात जत्रेच्या आदल्या दिवशी आम्ही बायका देवळामागे मेण कढवतो. जुनी मिशी उतरते, नवी चढते, आणि त्यात त्या सालच्या नवसांचे केस असतात. कोणाचा नवरा सीमेवर असतो, कोणाचा ट्रक घेऊन गुजरातेत, कोणाचा दवाखान्यात. बायका नवस बोलतात, आणि आजही नवऱ्याला विचारून कोणी बोलत नाही. अडचण एवढीच की हल्लीची पोरे तोंड गुळगुळीत ठेवतात. पीकच नाही, तर वाहायचे काय? म्हणून जत्रा जवळ आली की पुण्यामुंबईच्या ऑफिसांतून आमच्या गावची काही पोरे एकाएकी मिशी राखू लागतात. कोणी चिडवले तर "घरचं आहे" एवढेच सांगतात. बायको कशासाठी नवस बोलली, ते तिला विचारत नाहीत. वाढवतात.